एडनचा फोटो

"मेलेले ह्या भिंतीला, जिवंत त्या भिंतीला," रमाकांत म्हणाला. "सोपं आहे, बाई. हाराचे डाग असलेले आधी बाजूला काढायचे."

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आम्ही गावातल्या घराघरांतून मागून आणलेले फोटो मांडले होते. काही काचांवर गंधाचे टिळे वाळून बसले होते. एका चौकटीच्या मागून पालीची अंडी निघाली, म्हणून मुली किंचाळत लांब पळाल्या होत्या आणि पुन्हा येऊन बसल्या होत्या. नववीचा सगळा वर्ग गुडघ्यांवर होता. रमाकांतचं म्हणणं बऱ्याच जणांना पटलं आणि फोटो इकडून तिकडे सरकू लागले.

शालन जुवाटकर तेवढी उभी होती. तिचा फोटो तिनं आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता आणि तो अजून छातीशीच धरला होता.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या बाबांचा कुठं ठेवू?"

सरकणारे हात थांबले. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त रमाकांतला गप्प बसणं कधी जमलं नाही. तो म्हणाला, "आमची आजी म्हणते, त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. म्हणजे जिवंतांत."

नसीमा सोलकरनं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की तो एका वकिलाच्या फोटोवर पडता पडता वाचला.

पंचाहत्तर सालची ही गोष्ट. कातळबंदर या कोकणातल्या खाडीकाठच्या गावात मी चित्रकला शिकवत होते. मुंबईच्या कलाशाळेतून थेट तिथं गेलेली, सत्ताविशीची, एकटी. मुलांना ग्रेड परीक्षांना बसवायचं, स्थिरचित्र आणि अक्षरलेखन घोटून घ्यायचं, एवढीच शाळेची अपेक्षा होती. पण शनिवारचा शेवटचा तास मी चित्रं बघायला ठेवला होता. माझ्या ट्रंकेत मासिकांतून कापलेली रंगीत पानं होती. अजिंठ्याच्या भिंती, पहाडी राजांचे दरबार, युरोपातल्या खिडकीपाशी पत्र वाचत बसलेल्या बायका. एका तासाला एकच चित्र. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'दिसतं', उजवीकडे 'वाटतं'. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे अक्षर काढायचं नाही.

"बाई, ही बाई दुःखी आहे, हे कुठं लिहू?"

"तुला दुःख दिसतंय का? काय दिसतंय?"

"मान कललेली."

"मग ते डावीकडे."

"आणि नसीमानं मला चिमटा काढला, ते दिसतं की वाटतं?" हे अर्थातच रमाकांत.

आणखी एक युक्ती मी त्यांना दिली होती. चित्रातलं मुख्य माणूस पुठ्ठ्यानं झाकायचं आणि राहिलेलं बघायचं. माणसाचा चेहरा आपले डोळे धरून ठेवतो. तो झाकला, की हात, पाय, पडदे, मोकळ्या जागा नीट दिसायला लागतात. मुलांना हा खेळ इतका आवडला, की ती डबा खाताना कॅलेंडरवरच्या देवालाही झाकून बघत.

मग एकदा नसीमा म्हणाली, "बाई, खरं प्रदर्शन असतं तरी कसं?" गावात खरं चित्र एकही नव्हतं. पण प्रत्येक घरात स्टुडिओत काढलेले फोटो होते. बंदरातले पुरुष मुंबईला आणि बोटींवर नोकरीला जात, तिथून फोटो काढून पाठवत. रंगवलेले पडदे, उसने कोट, कुंड्या, खुर्च्या. मी म्हटलं, आपण तेच मांडू. काय लावायचं, कशाशेजारी लावायचं, खाली काय लिहायचं, सगळं तुम्ही ठरवायचं.

शालनचे वडील वासुदेव जुवाटकर मालवाहू बोटीवर खलाशी होते. शालन तीन वर्षांची असताना कंपनीचं पत्र आलं, की एडन बंदर सोडल्यानंतरच्या हजेरीला ते बोटीवर नव्हते. रात्री समुद्रात पडले की बंदरातच उतरून राहिले, कुणाला सांगता येईना. त्यानंतर थोड्याच दिवसांत टपालानं हा फोटो आला. एडनच्या स्टुडिओत काढलेला, बोट सुटायच्या आधी पोस्टात टाकलेला. सोबत चिठ्ठी नाही. त्यांना लिहिता येत नसे. वरचा पत्ताही दुसऱ्या कुणाच्या हातचा.

फोटोत ते कोट-टाय घालून उभे होते आणि हसत होते. गावाला तेवढं पुरलं. साहेब झाला, तिकडंच राहिला.

आता त्याला बारा वर्षं होत आली होती. माणूस बेपत्ता झाला, की बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी तिथली रीत. शालनचे थोरले काका दत्तू तांडेल, स्वतःची होडी असलेले, घरातले कर्ते. त्यांनी येती अमावास्या धरली होती. त्या दिवशी शालनच्या आईचं कुंकू पुसलं जाणार होतं. आई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

प्रदर्शनाची परवानगी मागायला मी आधी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा तांडेल अंगणात जाळं विणत बसले होते. अनसूयाबाई, शालनची आई, पलीकडे सुकट वाळत घालत होत्या. थोरल्या दिराच्या समोर त्या बोलत नसत. पदर डोक्यावर, पाठ आमच्याकडे.

"न्या की फोटो," तांडेल म्हणाले. "पण बाई, हार घालून लावा. माझा भाऊ बारा वर्षं पाण्यात पडून हाय, त्येला वाट मिळाली न्हाय. लोक कायबाय बोलतात. मला ठावं हाय, तो असता तर आला असता."

"अनसूयाबाईंना विचारायला हवं ना?"

"तिला काय विचारायचं? ती तर फोटोकडं बघत पन न्हाय."

ते खरं होतं. फोटो दाराच्या मागे, कोयती आणि टोपलीच्या वर अडकवलेला होता. दार उघडं असलं की तो दिसत नसे, आणि दार दिवसभर उघडं असे. निघताना मी अनसूयाबाईंपाशी थांबले.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

सुकट पसरणारे हात थांबले नाहीत. "पोरीला काय करायचंय ते करूं दे, बाई," त्या हळू म्हणाल्या. "मी तो बघितला येकदा. लई ऐटीत हाय. मला पुन्यांदा बघायचा न्हाय."

तर हॉलमध्ये शालन फोटो छातीशी धरून उभी होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. ठरवायचं मुलांनीच होतं. त्यांचं प्रदर्शन होतं.

नसीमाच बोलली. "मेलेले नि जिवंत हे काही दिसत नाही. सगळे एकसारखेच उभे आहेत. दिसतं त्यावरून लावू या. एकेकटे वेगळे, जोडपी वेगळी, कुटुंबं वेगळी."

"आणि माझा?"

"एकट्यांत. एकटाच आहे ना तो?"

पुन्हा सगळी उलथापालथ झाली. एकट्या पुरुषांची रांग सतरंजीवर लांबच लांब लागली. वकील, पोस्टमन, नसीमाचे आफ्रिकेला जाऊन आलेले चुलते, फेटेवाले, टोपीवाले. शालननं पातळाचा तुकडा सोडला आणि आपला फोटो रांगेच्या शेवटी ठेवला. मग ती चार पावलं मागे गेली. मी शिकवलं होतं, लावल्यावर लांबून बघायचं.

"नाही बसत," ती म्हणाली.

"का?"

"माहीत नाही. वाकडा दिसतोय."

रमाकांतनं चौकट सरळ केली. "आता?"

"तसा नाही. आतून वाकडा."

मग आम्ही सगळेच उभे राहिलो. नसीमा रांगेच्या कडेनं चालत गेली, प्रत्येक फोटोच्या मधोमध बोट टेकवत. "हा मधे. हा मधे. हाही मधेच." शेवटच्या फोटोपाशी तिचं बोट टेकलं ते माणसावर नाही, तर त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर. "हा मधे नाहीये. बाई, हा कडेला उभा आहे. कोपर चौकटीला लागतंय बघा."

"फोटोवाला आंधळा असेल," रमाकांत म्हणाला.

"झाका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच निराळा वाटला.

शालननं वहीचा पुठ्ठा घेतला आणि आपल्या वडिलांना झाकलं. राहिली एक खुर्ची, उंच पाठीची, बसायला कुणी नसलेली. आणि तिच्या पाठीवर पुठ्ठ्याखालून आलेला एक हात. मागच्या पडद्यावर रंगवलेली कमान होती. ती कमान माणसाच्या डोक्यावर येत नव्हती, खुर्चीच्याही वर येत नव्हती. दोघांच्या बरोबर मधे येत होती.

शालननं पुठ्ठा काढला. फोटो उचलला. ती जोडप्यांच्या रांगेकडे गेली आणि भाटकरांच्या आणि पावसकरांच्या लग्नानंतरच्या फोटोंच्या मधे तिनं तो ठेवला.

भाटकर कडेला उभे, हात खुर्चीच्या पाठीवर, खुर्चीत बायको, वर मधोमध पडद्यावरचा चंद्र. पावसकर कडेला उभे, हात खुर्चीवर, खुर्चीत बायको. मधे वासुदेव जुवाटकर, कडेला उभे, हात खुर्चीवर.

मी मुंबईत मोठमोठी चित्रं बघितली होती, त्यांच्यापुढे तासन्‌तास बसले होते. पण असं कधी कुठं दिसलं नव्हतं. पंचवीस-तीस पोरं होती त्या हॉलमध्ये, आणि बाहेरच्या सुरूच्या झाडांतला वारा ऐकू येत होता.

शेवटी रमाकांत म्हणाला, आणि त्याच्या तोंडून मी एवढा हळू आवाज पहिल्यांदाच ऐकला, "खुर्ची तर प्रत्येक स्टुडिओत असते. एकट्यालासुद्धा देतात."

"देतात," शालन म्हणाली. "चल, बघू."

ती दोघं पुन्हा एकट्यांच्या रांगेशी गेली. खुर्च्या होत्या, तिपाया होत्या. वकिलानं तिपाईवर हात ठेवला होता. नसीमाच्या चुलत्यानं खुर्चीवर पाय ठेवला होता. पण कमान, चंद्र, जिना, जे काही मागे होतं, त्याच्या बरोबर खाली माणूस होता, आणि खुर्ची बाजूला, वस्तूसारखी. एकाही फोटोत माणसानं अर्धी चौकट सोडलेली नव्हती. रमाकांतनं सगळे बघितले. परत आल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "ह्यानं फोटोवाल्याला सांगून सोडलीय."

"ते वाटतं," शालन म्हणाली. "दिसतं ते एवढंच, की सोडलीय."

तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र कोरडा होता. तिनं त्याच बैठकीत खाली लावायची पाटी लिहिली, माझ्याकडून शिकलेल्या ठळक अक्षरांत. 'उभा पुरुष. डावा हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्ची रिकामी. एडन.'

"आईला सांगणार?" मी विचारलं.

"नाही, बाई. तिनं बघितलं पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

ती पाटीची कड कात्रीनं सरळ करू लागली.

उद्‌घाटनाच्या सकाळी मी हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला झेंडूचा हार होता. हेडसरांनी शिपायाला सांगितलं होतं, उद्‌घाटन आहे, हार घाला. म्हणजे पाहुण्यांना. हरबा शिपायानं आयुष्यभर भिंतीवरच्या फोटोंनाच हार घातले होते. त्यानं पहाटे येऊन टोपलीभर हार घातले आणि उदबत्त्याही लावल्या.

मुलं स्टुलांवर चढून हार उतरवत होती तोवर लोक आत यायला लागले. पहिल्या आल्या भाटकरआजी, रमाकांतच्या. जोडप्यांच्या रांगेत त्या स्वतः होत्या, पंधरा वर्षांच्या, नऊवारीत, खुर्चीत बसलेल्या. फोटोला हार आणि खाली उदबत्ती.

"काय रे हरबा," आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सकाळी पेज जेवून आले मी. ती माझ्या तेराव्याची होती काय?"

हॉल हसून कोसळला. आजींनी स्वतःचा हार स्वतःच्या हातानं काढला आणि हरबाच्या गळ्यात घातला. "आता तू हो पुढं."

हशा चालू असतानाच दत्तू तांडेल आले. पांढरा सदरा, हातात टोपी. ते सरळ भावाच्या फोटोपाशी गेले आणि तिथला हार बघून त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी हात जोडले. तेवढ्यात शालन स्टूल घेऊन आली, वर चढली आणि तिनं हार काढला.

"ऱ्हाऊं दे तो," तांडेल म्हणाले.

"चुकून घातलाय, काका. सगळ्यांचे काढतोय."

"ह्येचा न्हाय चुकून. घाल परत."

"नाही घालणार."

"शालन."

ती स्टुलावरून उतरली, पण हार हातातच. तांडेलांचा हात पुढे आला. मी मधे पडणार, तोच त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि हात खाली आला.

दारात अनसूयाबाई उभ्या होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या, देवळात काढाव्यात तशा. लोकांतून वाट काढत त्या आल्या. आधी लेकीच्या हातातला हार बघितला, मग दिरांकडे, आणि मग, दुसरं काही बघायला उरलं नाही म्हणून, फोटोकडे.

आपण माणसाला ओळखतो तसं त्यांनी आधी ओळखलं. ओठ घट्ट मिटले. त्या वळणारच होत्या. शालन म्हणाली, "आई, ह्यांचे बघ." आणि तिनं शेजारचे दोन फोटो दाखवले. एवढंच. बोटानं काही दाखवलं नाही, समजावलं नाही. तिच्या जागी मी असते तर बोलले असते.

अनसूयाबाईंनी भाटकरांचा फोटो बघितला. मग पावसकरांचा. मग मधला. मग पुन्हा भाटकरांचा. त्यांचे डोळे एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जाताना मला दिसत होते. आजूबाजूचा हशा विरत गेला. कुणी सांगितलं नव्हतं, पण लोक मागे सरले.

त्यांनी हात वर केला आणि काचेवरून, खुर्चीच्या रिकाम्या जागेवरून, तळवा सावकाश खाली आणला.

"डाव्या अंगाला सोडलीय," त्या म्हणाल्या. "बायकोची जागा." मग, "मी म्हनत होते, मला सोडून हसतोय."

तांडेल म्हणाले, "अनसू..."

आणि थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडलेली ती बाई त्यांच्याकडे वळली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"भावोजी, मी बारा वर्षं ह्येंची वाट बघितली न्हाय. मी रागावले होते. मेला म्हटलं असतं तर रडावं लागलं असतं. म्हनून म्हटलं न्हाय." त्यांचा श्वास लागला होता, पण आवाज स्थिर होता. "हा मानूस जित्ता असता तर आला असता. अमावास्येला करा तुमचा विधी. कुंकवाचं माझं मी बघेन."

तेव्हा कुठे मला कळलं. आठवडाभर मी मनात धरून बसले होते, की हा फोटो त्या बाईला नवरा परत देईल. त्यानं दिला होता, आणि त्याच क्षणी नेलाही होता. शालनला हे आधीपासून ठाऊक होतं का? मी तिच्याकडे बघितलं. पंधरा वर्षांची पोर हार धरून ताठ उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला ठाऊक होतं. तरीही तिनं फोटो तिथंच लावला होता.

आईनं तिच्या हातातून हार घेतला. फोटो उंच होता. शालननं स्टूल पुढे केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही. टाचा उंचावून त्यांनी हार चौकटीला घातला, आणि तो असा सरकवला, की खुर्चीवर एकही फूल येऊ नये.

तांडेल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बारा वर्षं ज्याच्यासाठी ते भांडले होते ते झालं होतं, आणि "वासू, वासू" एवढंच ते म्हणत होते.

मागे रांग लागली होती. लोकांना पुढे यायचं होतं आणि कुणाला पाऊल उचलवत नव्हतं. शेवटी भाटकरआजी आल्या, डोळे बारीक करत, रमाकांतच्या खांद्याला धरून. वासुदेवनं दुसरं घर केलं, असं पाणवठ्यावर सगळ्यांत आधी सांगणाऱ्या त्याच.

"मला काय दिसत न्हाय गो," आजी चाचरत म्हणाल्या. "काय हाय त्यात?"

अनसूयाबाईंनी आजींचा हात धरून त्यांना फोटोच्या अगदी जवळ घेतलं.

"हे आमचे," त्या म्हणाल्या. "आनि ही मोकळी जागा दिसतेय ना, आजी, इथं मी हाय."